वाढत्या अंगाचं परकर-पोलकं

"माझ्यावर गेलीय म्हणून गप्प बसू नकोस, हर्षदा. कुणाला तरी दाखव तिला."

वन्सं हे म्हणाल्या तेव्हा झोका पुढे गेलेला होता. झोक्यावर माझी रेवती, सहा वर्षांची, दोर घट्ट धरून बसलेली. झोका माघारी आला, मी धरला, पुन्हा ढकलला आणि म्हणाले, "वन्सं, दिंडं वाफेवर आहेत, जरा बघून येते."

त्या वाक्याला माझं उत्तर एवढंच.

नागपंचमीचा दिवस होता. आमच्या इचलकरंजीच्या घरी पंचमीला माहेरवाशीण आलीच पाहिजे आणि परसातल्या कडुलिंबाला झोका लागलाच पाहिजे. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गिरीशची थोरली बहीण, जयसिंगपूरहून न चुकता यायच्या. येताना भाचीला नवं परकर-पोलकं ठरलेलं.

घरात त्यांना सगळे बेबी म्हणत. पंचेचाळिशी गाठली तरी बेबीच. उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं माझ्या खांद्याच्याही खाली यायचं. चेहरा गोल, बाहुलीसारखा, आणि आवाज इतका कोवळा की फोन उचलला की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?" वन्सं सांगायच्या, "आहे की. मीच मोठा." इकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मी नाशिकची, मला ते अजून जमलेलं नाही. रेवूच्या तोंडी मात्र पहिल्यापासून तेच.

जयसिंगपुरात त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. चौथीची पोरं बाईंच्या डोक्यावरून फळा वाचतात म्हणून त्यांना कायम पहिली-दुसरीच दिली जायची. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या.

रेवू जन्मली तेव्हा चारचौघांसारखीच होती. अडीच-तीन वर्षांची झाल्यावर कधीतरी मागे पडायला लागली. मागे पडली असं तरी कशाला म्हणायचं, आमच्या घरी त्याला तसं कुणी म्हणतच नव्हतं. सासूबाईंचं उत्तर तयार असायचं, "आत्यावर गेलीय. बेबी माझ्या आईवर गेली, ही बेबीवर. आमच्यात एकीला तरी हे रूप येतंच." त्यात खंत नव्हती, कौतुक होतं. नाक आजोबांचं, खळी आईची, तशी उंची आत्याची. शेजारणींनाही ते पटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही. लेकरू कुणावर तरी गेलंय हे एकदा ठरलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

म्हणून झोक्यापाशी वन्सं बोलल्या तेव्हा मला तो टोमणाच वाटला. नणंद आवाज खाली आणून बोलते तेव्हा भावजयीला दुसरं काय वाटणार? तुझं पोरीकडे लक्ष नाही, असंच त्यांना म्हणायचं असणार, अशी माझी खात्री झाली. आणि लागलं ते तेवढंच. कारण लक्ष ह्या एका बाबतीत मला कुणी बोट दाखवावं हे मला सहनच होण्यासारखं नव्हतं. रेवू झोपली की तिचा श्वास ऐकत बसणारी मी. शाळेतून आलेला डबा हुंगून, त्यातलं तिनं खाल्लं की मैत्रिणीला दिलं हे ओळखणारी मी. होम सायन्सची पदवी घेतलेली. कोणत्या वयाला किती प्रथिनं लागतात ते मला झोपेतून उठवून विचारा.

वन्संच्या बोलण्याचा परिणाम एवढाच झाला की पुढचं वर्षभर मी त्यांना दाखवून द्यायच्या मागे लागले. डॉक्टरला नाही, वन्संना. सकाळी अंडं, दुपारच्या डब्यात पनीर नाहीतर मटकीची उसळ, संध्याकाळी सोयाबीन घातलेलं थालीपीठ, दुधात प्रोटीनची पावडर. रेवू बिचारी खायची. एकदा मात्र ताट पुढे ओढत म्हणाली, "आई, मी एवढं सगळं खातो, ते जातं कुठं?"

मी हसले आणि म्हणाले, "तुझ्या हाडांत जातं, मांसात जातं." पोरीनं आपल्या दंडाकडे बघितलं आणि घास घेतला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला बाहुलीचं काम मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची गौरी, रेवूहून दीड वर्षानं लहान, त्या दिवशी तिच्या बरोबरीनं उभी होती. फोटोत गौरीच मोठी दिसत होती. तो फोटो मी फ्रेम करून घेतला. बूट वर्षात दोनदा घेतले, कारण दोन्ही वेळा ते फाटले. ते लहान कधीच होत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जे होतं ते दिसतं. जे होत नाही ते दिसायला वेगळी नजर लागते.

पुढची पंचमी आली. झोका लागला, दिंडं उकडली, वन्सं आल्या. पिशवीतून त्यांनी परकर-पोलकं काढलं, हिरवं, खणाच्या काठाचं. रेवूनं तिथल्या तिथे अंगात घातलं आणि गिरकी घेतली. मी बघत राहिले. इतकं नेटकं बसलेलं तिचं कापड मी आजवर पाहिलं नव्हतं. लेकरांचं कापड आपण नेहमी वाढत्या अंगाचं शिवतो. खाली दुमड, काखेत माया, पहिल्या वर्षी घोळतं आणि दुसऱ्या वर्षी बसतं. हे आजच बसलं होतं. पोलक्याची बाही कोपराशी, परकराची कड बरोबर घोट्याला टेकलेली.

"वन्सं, कसं बेतून शिवल्यासारखं बसलंय," मी म्हणाले.

"वाढत्या अंगाचं नको म्हणून सांगितलं मी टेलरला."

"ते का?"

वन्संनी एकदा घरात पाहिलं. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक परकर-पोलकं काढलं, जुनं, विटलेल्या जांभळ्या रंगाचं. ते मी ओळखलं. मागच्या पंचमीला जाताना 'मापाला नेतो' म्हणून त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं होतं आणि मी विसरूनही गेले होते. त्यांनी रेवूला जवळ ओढलं, जुना परकर नव्यावर धरला. कड कडेला लागली. पोलकं पोलक्यावर ठेवलं. खांद्याला खांदा, बाहीला बाही.

"हे मागच्या वर्षी हिला नेमकं बसायचं ते. ह्याच्याच बरहुकूम शिवून घेतलंय, सुतभर इकडं तिकडं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या पोरींचा जूनमध्ये गुडघ्याखाली असलेला फ्रॉक दिवाळीनंतर गुडघ्यावर जातो, हर्षदा. एका वर्षात हे कापड हिला आखूड व्हायला पाहिजे होतं. काखेत काचायला पाहिजे होतं."

 मी रेवूच्या काखेत बोट घालून पाहिलं. बोट सहज गेलं.

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं बाई, किती छान बसलंय. बेबीचं माप कधी चुकायचं नाही."

"हो आई," वन्सं म्हणाल्या आणि जुन्या परकराची घडी घालून त्यांनी ती पटकन पिशवीत सारली.

त्यांनी ते का लपवलं, हे मला तेव्हा कळलं नाही. पण ह्या वेळी मी दिंडं बघायला उठले नाही.

मिरजेला मुलांच्या ग्रंथींचे विकार बघणाऱ्या एक डॉक्टर होत्या, डॉक्टर नाडगौडा. साठीच्या आसपासच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. त्यांनी रेवूला आधी मोजलं, मग बराच वेळ नुसत्या गप्पा मारल्या, मग डाव्या हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रे उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "मुलगी सातची. ही हाडं मात्र चार-साडेचारच्या मुलीची आहेत."

"खाणं कमी पडतंय का?" मी विचारलं. मग थांबलेच नाही. सोयाबीन, अंडी, पनीर, पावडर, सगळं सांगून टाकलं. गिरीश माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवत होता.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग गिरीशला विचारलं, "तुमचा व्यवसाय काय?"

"यंत्रमाग आहेत आमचे, इचलकरंजीत."

"मग सोपं आहे. समजा, मागावर ताण्याचं बीम चढवलंय, सूत भरपूर आलंय, माग तेलपाणी करून तयार आहेत. पण कामाला लावणारा मुकादमच आला नाही. कापड निघेल?"

गिरीशनं खरोखरच विचार केला. "निघेल थोडं. एखादा कामगार आपल्या मनानं माग चालू ठेवतोच."

"बरोबर. म्हणून ही थोडी थोडी वाढतेय," डॉक्टर म्हणाल्या. "आता तुमच्या सुताचं सांगते. तुम्ही होम सायन्स केलंय, तुम्हाला अमिनो आम्लं मी शिकवायला नको. अंडं पचलं, त्याची अमिनो आम्लं रक्तात उतरली. पण पेशींनी ती आत ओढून घ्यायची, एकाला एक जोडायची, त्याचं नवं प्रथिन विणायचं, हे त्यांना कुणीतरी जोरानं सांगावं लागतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती वाढीचं संप्रेरक सोडते. ते यकृताला जाऊन सांगतं, यकृत आपला दुसरा निरोप पाठवतं, आणि मग स्नायू भरतात, हाडांच्या टोकाची कूर्चा वाढत जाते, हाड लांबतं. हिच्यात तो पहिला निरोपच फार क्षीण असावा असा मला संशय आहे."

"मग मी वर्षभर दिलेलं प्रोटीन?"

"बांधायला घेतलं नाही, तर शरीर जाळतं. लाकूड घरात आलं, पण खुर्ची झाली नाही, चुलीत गेलं." माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ. ते आलं नसतं तर पोर आणखी अशक्त झाली असती. आणि उद्या मुकादम कामावर आला की सूत लागणारच आहे."

रेवू तिथेच बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "मी विचारलेलं की तुला, जातं कुठं म्हणून."

तपासणी दोन टप्प्यांत होती. आधी औषध देऊन त्या ग्रंथीला डिवचायचं आणि ती किती संप्रेरक सोडते ते रक्तात थोड्या थोड्या वेळानं मोजायचं. आकडा कमी आला, तर डोक्याचा एमआरआय. तो कशासाठी, असं गिरीशनं विचारलं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "ग्रंथीजवळ कुठे गाठ वगैरे दाबत नाही ना, हे बघायला. बहुतेक वेळा नसते. पण बघितल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही."

बहुतेक वेळा. आईच्या कानात असले शब्द कसे शिरतात हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तपासणीच्या दिवशी रेवूला उपाशीपोटी न्यायचं होतं. मिरजेच्या वाटेवर जयसिंगपूर लागतं. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं, पण फाट्यावर वन्सं उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. गिरीशनं गाडी थांबवली. "शाळा?" त्यानं विचारलं.

"रजा टाकलीय," म्हणून त्या मागे रेवूशेजारी बसल्या. "डब्यात भडंग हाय. सगळं झाल्यावर मिळणार, आधी नाही. मीपण खाल्लो नाही काही."

रुग्णालयात वन्संनी रेवूचं नाव सांगितलं, तेव्हा नर्सनं मान वर न करता त्यांना सांगितलं, "बाळ, आईला पुढे पाठव."

"माझी आई घरी आहे," वन्सं म्हणाल्या. "वय झालंय तिचं, आता कुठं पाठवू?"

नर्सनं वर बघितलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रेवू उपाशी असूनही खदखदून हसली. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

रेवूच्या हातात सुई बसवली, गोळी दिली. गोळीनं झोप येते असं आधीच सांगितलेलं होतं, तरी ती पेंगायला लागल्यावर माझा जीव वरखाली व्हायला लागला. गिरीश खाली एमआरआयची चौकशी करायला गेला. नर्स यायची, रक्त घ्यायची, रक्तदाब बघायची, जायची. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वन्सं. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"वन्सं," मी म्हणाले, "मागच्या वर्षी झोक्यापाशी तुम्ही बोललात, ते मला टोमणा वाटला होता."

"माहिताय. तुझ्या तोंडावर दिसलं."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत? फोन करायचा. मोठ्यानं सांगायचं सगळ्यांसमोर."

त्या रेवूच्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईसमोर कसं सांगू?"

मला अर्थ लागला नाही.

"माझं लग्न जमेना तेव्हाची गोष्ट. बाविसाव्या वर्षी. शाळेतल्या एका बाईंनी मला गुपचूप इथंच मिरजेला आणलं होतं, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं. त्यांनीही हाताचाच फोटो काढला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, पोरी, हाडांची टोकं मिटली. हे ग्रंथीचं दुखणं होतं. ह्याला आता औषध निघालंय, पण तुला लागू व्हायचं नाही. वेळेत आली असतीस तर काहीतरी करून बघितलं असतं." वन्संनी हे फळ्यावरचा धडा वाचावा तसं सांगितलं. "तोवर मीपण हेच समजत होतो, आजीवर गेलोय. उंची वाढावी म्हणून लोंबकळून झालं होतं, गोळ्या झाल्या होत्या, नवससुद्धा झाला होता."

"घरी सांगितलं नाही?"

"काय सांगू? आई अजून शेजारणीला कौतुकानं सांगते, बेबी माझ्या आईवर गेली. ते कौतुक आहे तोवर ती सुखात आहे. तिला कळलं की वेळेत नेलं असतं तर पोरगी वाढली असती, तर ती एक घास गिळायची नाही. तिच्या वेळेला गावात असलं कुणाला माहीत तरी होतं का? तिची काय चूक?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण तुझ्या वेळेला माहीत आहे. म्हणून तुला हळू सांगितलं. तू उठून दिंडं बघायला गेलीस. मग म्हटलं, हिला सांगून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे. वर्षभर मनाला समजावत होतो, माझीच भीती खोटी ठरू दे, नवं परकर-पोलकं पोरीला आखूड होऊ दे."

 मी पलंगावरून हात पुढे केला. त्यांचा हात रेवूच्या हाताएवढाच होता, फक्त त्यावर सुरकुत्या होत्या.

डॉक्टर नाडगौडा फेरीला आल्या त्या वन्संना बघून दारातच थांबल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ह्या कोण?"

"मुलीची आत्या," मी सांगितलं.

"आपलं नाव?"

"विजयमाला आप्पासाहेब मगदूम."

लग्न होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि वन्संचं पूर्ण नाव मी त्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर त्यांच्याजवळ बसल्या, हळू आवाजात दोन-चार प्रश्न विचारले. थकवा येतो का, कंबर दुखते का, हाड मोडलं होतं का कधी. मग म्हणाल्या, "एका घरात दोघींना असू शकतं. तुमचीही तपासणी करूया."

"मला आता उंच करून काय करताय डॉक्टर?" वन्सं म्हणाल्या. "ब्लाउजपासून सगळं नवं शिवावं लागेल."

"उंचीसाठी नाही हो. उंची थांबली तरी त्या संप्रेरकाचं काम थांबत नाही. स्नायू, हाडांची ताकद, रक्तातली चरबी, सगळं बघायला पाहिजे. इतकी वर्षं कुणी बघितलंच नाही तुम्हाला."

 शब्दाला शब्द देणाऱ्या वन्सं पदराचं टोक उगाच चाचपत बसल्या.

दुपारी रक्ताचा अहवाल आला. संप्रेरक फारच कमी होतं. म्हणजे एमआरआय. त्या बोगद्यात रेवूला आत सरकवलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून पूर्वी कधी न म्हटलेली स्तोत्रंही म्हणून टाकली. अर्धवट येत होती, तशीच म्हटली. गिरीश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या मनातही तोच एक शब्द होता हे मला ठाऊक होतं आणि दोघांनीही तो उच्चारला नाही.

डॉक्टरांनी चित्रं पाहायला घेतली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ग्रंथी थोडी लहान आहे. बाकी सगळं स्वच्छ. गाठबीठ काही नाही."

गिरीश खाली वाकला. मला वाटलं, काही पडलं म्हणून उचलतोय. तो गुडघ्यावर हात ठेवून नुसता श्वास घेत होता. डॉक्टर पुढचं सांगत होत्या, रोज झोपताना एक बारीक इंजेक्शन, मांडीला नाहीतर पोटाला, काही वर्षं, दर तीन महिन्यांनी तपासणी, हाडांची टोकं उघडी आहेत तोवर. मी माना डोलवत होते आणि कानात एकच वाक्य होतं, बाकी सगळं स्वच्छ.

बाहेर आवारात येऊन वन्संनी डबा उघडला. आम्ही चौघांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून भडंग खाल्लं. रेवूनं कांदा मागितला. कांदा नव्हता, म्हणून तिनं भांडणही केलं. इतकं गोड भांडण मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

औषध महाग होतं. गिरीशनं ते कसं जमवलं ही त्याची गोष्ट आहे, माझी नव्हे. पहिली सुई टोचायची तर मी कापसानं तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत बसले. रेवू डोळे गच्च मिटून म्हणाली, "टोच लवकर. मुकादम खोळंबलाय."

मग नुसती वाट बघणं. मी रोज तिच्याकडे बघायची आणि रोज ती तेवढीच दिसायची. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, घरी सारखं मोजायचं नाही. मी मोजलं नाही. पण बघायचं कसं थांबवणार?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. एक दिवस तिला आणायला गेले. ती फाटकातून लंगडत बाहेर आली, रडकुंडीला आलेली.

"काय झालं गं? पडलीस?"

"बूट चावतायत."

मी तिथेच शाळेच्या पायरीवर बसले. तिचा पाय मांडीवर घेतला, बुटाच्या टोकाशी अंगठ्यानं दाबून पाहिलं. आत तिचा अंगठा होता. अगदी टोकाला, चामड्याला टेकलेला, दुमडलेला. बूट कुठेही फाटलेला नव्हता. लहान झाला होता.

"आई, मला दुखतंय आणि तू हसतीस काय?" रेवू रागावली.

मी मोबाईल काढला. वन्संच्या शाळेची मधली सुट्टी असावी. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"वन्सं, रेवूला बूट चावतायत."

पलीकडे गलका तेवढा राहिला. मग तो लहान मुलीसारखा आवाज आला, "कुठल्या पायाचा?"

"दोन्ही पायांचे."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं पुन्हा, "बरं. मी वर्गात जातो आता." फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.

त्यानंतरच्या पंचमीला त्यांनी आणलेलं परकर-पोलकं वाढत्या अंगाचं होतं, खाली चांगली तीन बोटांची दुमड. पुढच्या पंचमीला ती दुमड उलगडून झाली होती आणि परकर तरीही घोट्याच्या वर गेला होता. सासूबाईंनी रेवूला समोर उभं केलं, आपल्या डोक्याला हात लावून मग तिच्या डोक्याला लावला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आत्यावर गेलेली, परत आली बघ."

वन्सं झोक्यावर बसल्या होत्या. इतक्या हसल्या की झोका वाकडा झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि मी पुढे होऊन झोका ढकलला.

रेवू आता दहावीत आहे. माझ्या भुवईला लागते आणि बूट चावले की मला न सांगता गिरीशकडून पैसे घेते. वन्संची हाडं ठिसूळ निघाली होती. उपचार वेळेवर सुरू झाले, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन माझ्यापेक्षा भराभर चालतात. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत बेबीच्या रूपाचं कौतुक करत. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर वन्सं म्हणाल्या, आता लिही हे, माझं नाव घालून लिही. म्हणून लिहिलं.

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, असं एखादं लेकरू असेल, मामावर गेलेलं, आजीवर गेलेलं, सगळ्यांना बाहुलीसारखं गोड वाटणारं. आज संध्याकाळी ते खेळून आलं की जवळ बोलवा. मागच्या वर्षीचा एखादा कपडा कपाटातून काढा आणि त्याच्या अंगाला लावून बघा. आखूड झाला असेल तर माझी गोष्ट विसरून जा. झाला नसेल, तर मात्र कुणावर गेलंय हे विचारत बसू नका; त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.